मे महिन्यातले चोवीसशे ऐंशी

होळी जवळ आली की माझ्या दुकानासमोर गर्दी व्हायची. माणसं ऑटोतून, मोटरसायकलच्या टाकीवर ठेवून, एसटीच्या मागच्या सीटवर चादरीत गुंडाळून आपापले कॉम्प्युटर आणायची आणि काउंटरवर ठेवून म्हणायची, "मालक, उतरवून द्या." मग दिवाळी व्हायची, सकाळी अंगात स्वेटर यायचे, आणि तीच माणसं तेच डबे घेऊन परत यायची. "मालक, चढवून द्या."

नांदेडबाहेरच्या वाचकाला हे समजायचं नाही, म्हणून सांगतो. कॉम्प्युटरच्या पोटात बिस्किटाएवढा एक तुकडा असतो. सगळं गणित तोच करतो. त्याला प्रोसेसर म्हणतात. कंपनी त्याच्यावर वेग लिहून देते. आमच्या काळात स्वस्तातल्या प्रोसेसरवर सोळाशे लिहिलेलं असायचं. पण तो वेग काही त्याचा एकट्याचा नसतो. मदरबोर्ड त्याला ताल देतो आणि प्रोसेसर त्या तालाच्या ठरलेल्या पटीत पळतो. मिरवणुकीतली हलगी आठवा. हलगीवाल्याने हात वाढवला की नाचणाऱ्याचे पाय आपोआप वाढतात. ताल शंभराचा, पट सोळाची, म्हणून सोळाशे. पट कंपनीने बांधून टाकलेली असायची. ताल मात्र आपल्या हातात होता. शंभराचा एकशे दहा केला की तोच प्रोसेसर सतराशे साठला पळायचा, एक पैसा जास्तीचा न देता. याला आम्ही 'चढवणं' म्हणायचो.

जोरात नाचणारा माणूस तापतो, तसा प्रोसेसरही तापतो, आणि फार तापला की गोठतो. शब्द उलटा वाटेल, पण असंच म्हणतात. पडद्यावर जे असेल ते तिथल्या तिथे थिजतं, माउस हलत नाही. आवाज काही होत नाही. पंखा आपला फिरत राहतो. शेजारच्या खोलीतल्या माणसाला वाटावं, काम मजेत चाललंय.

आमच्याकडचा उन्हाळा कसा असतो ते वेगळं सांगायला नको. थंडीत चढवलेली मशीन चैत्रात गोठायला लागायची. म्हणून चढवणं-उतरवणं हे आमच्याकडे रजई काढण्या-ठेवण्यासारखंच झालं होतं. पुण्या-मुंबईच्या दुकानदारांना मी हे सांगायचो तेव्हा ते हसायचे. त्यांना हसायला काय जातं? त्यांच्या दुकानात एसी होते.

माहूरचे देवराव मला अजून आठवतात. गडाच्या पायऱ्यांपाशी त्यांचं फोटोचं दुकान होतं. यात्रेकरूचा फोटो काढायचा आणि मागे देवीचं मंदिर जोडून हातात द्यायचा. त्यांना फक्त नवरात्रापुरतं चढवून हवं असायचं.

"नऊ दिवस पळू द्या त्याला, मालक. कोजागिरीला घेऊन येतो, मग झोपवा."

"देवराव, ऑक्टोबरची उष्णता आहे. मशीन गेली तर?"

"आईच्या पायथ्याशी हाय, जात न्हाई. आन गेलीच तर तुम्ही हावच की."

मजुरीवरून ते माझ्याशी अर्धा तास भांडायचे आणि जाताना प्रसादाचा विडा काउंटरवर ठेवायचे. विड्यामुळे मी भाव कमी करत नसे, हेही सांगून ठेवतो.

मी बसवराज, मुखेडचा. बारावी नापास. आठवडी बाजारात मामाच्या भांड्यांच्या पालावर बसून मोठा झालो, म्हणून भाव करणं मला चालण्याबोलण्याआधी आलं. रागही तिथलाच असावा. एका गिऱ्हाइकाने "माल असली आहे ना?" असं तिसऱ्यांदा विचारलं म्हणून त्याचा कीबोर्ड मी रस्त्यापलीकडे भिरकावला होता. तो माणूस पुढे माझं कायमचं गिऱ्हाईक झाला, पण सगळेच तसे होत नाहीत.

हा धंदा मी सुरू केला तो नांदेडला नाही, लातूरला. आणि एकट्याने नाही, नागनाथबरोबर.

नागनाथ माझ्याच वयाचा, उदगीरकडचा. टायपिंगच्या क्लासला आम्ही एका बाकावर होतो. दोघांनी मिळून ट्यूशनच्या गल्लीत पत्र्याचं एक दुकान घेतलं. गावोगावची मुलं शिकायला लातुरात राहायची, त्यांना मशीन लागायची. माल आणणं, घासाघीस आणि मशीनच्या आतलं काम माझं. माणसं सांभाळणं त्याचं. त्याची जीभ अशी गोड, की बिघडलेली मशीन परत आणणारा माणूस जाताना नवा प्रिंटर घेऊन जायचा. मी चिडलो की तो म्हणायचा, "बस्या, तुझ्या डोक्यावरबी एक पंखा बसवू."

गिऱ्हाइकांच्या मशीन आम्ही बेताने चढवायचो. पण दुकानात दोघांचा एकेक स्वतःचा डबा होता आणि त्यावर बेत नव्हता. कोणाचा जास्त चढतो, ही आमची शर्यत. सकाळी दुकान उघडलं की आधी ताल वाढवून बघायचा. मशीन सुरूच झाली नाही तर बोर्डावरचा सेल काढायचा, मशीन सगळं विसरली की पुन्हा बसवायचा आणि पहिल्यापासून सुरुवात. गिऱ्हाईक उभं असायचं आणि आम्ही दोघं एका डब्यात डोकं घालून बसलेलो असायचो. तसा आनंद मला पुढे कशात मिळाला नाही. मुलाच्या लग्नातही नाही. हे वाचून घरी भांडण होईल, होऊ दे.

शर्यतीचा नियम एकच होता. आकडा गाठून तो तासभर टिकला पाहिजे, मगच खडूने भिंतीवर लिहायचा. एका जानेवारीत नागूने बावीसशे चाळीस लिहिलं. पहाटे दार उघडून, समोर टेबलफॅन लावून, स्वतः कुडकुडत बसून केलं होतं त्याने. तो आकडा भिंतीवरून मला रोज चिडवायचा.

मला माठ सुचला तो मे महिन्यात. दुपारी मी माठातलं पाणी पीत होतो. पत्रा तापून दुकानाची भट्टी झाली होती आणि पाणी दातांना लागत होतं. माठ पाझरतो, ते पाणी हवेत उडून जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी तितका माठ गार. म्हणजे आमचा शत्रू जो मे महिना, तोच माठासाठी सगळ्यात चांगला. मग माठातलं पाणी प्रोसेसरवरून फिरवलं तर?

नांदेडला ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करणारे इलियासभाई माझ्या ओळखीचे. त्यांच्याकडून तांब्याची एक चपटी डबी झाळून घेतली, पाणी यायला एक नळी, जायला एक. "ये कौनसी गाडी का है?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "कॉम्प्युटरचं." ते म्हणाले, "फिर तो रजिस्ट्रेशन करवा लो." पाणी फिरवायला डेझर्ट कूलरची मोटर घेतली, गवंडी लेव्हल बघायला वापरतात तो पारदर्शक पाइप जोडला. नवा माठ आणून रात्रभर भिजवला.

दुसऱ्या दिवशी नागू उदगीरला लग्नाला गेला होता. दुकानात मी एकटा. भर दुपारी मी चढवत गेलो. बावीसशे चाळीस मागे पडलं. तेवीसशे वीस. चोवीसशे. शेवटी चोवीसशे ऐंशी. तिथे त्याला ठेवला, समोर बसून जेवणाचा डबा खाल्ला, त्याच्यावर एक पूर्ण सिनेमा लावून पाहिला. गोठला नाही. मी ओल्या फडक्याने भिंत पुसली आणि माझा आकडा लिहिला. तेव्हा खिशाखिशात कॅमेरे नव्हते. मी आणि माठ, एवढेच साक्षीदार.

दुसऱ्या दिवशी नागू आला तेव्हा दुकान ट्यूशनच्या मुलांनी भरलेलं होतं. त्याने भिंतीकडे पाहिलं.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"कधी केलंस?"

"काल दुपारी."

"काल दुपारी?" तो मुलांकडे वळला. "पोरांनो, काल दुपारी ह्या पत्र्याखाली शेंगा ठेवल्या असत्या तर भाजून निघाल्या असत्या. आन आमचे बसवराज म्हणून राहिले चोवीसशे ऐंशी!"

मी माठ दाखवला. नळ्या दाखवल्या. तो म्हणाला, "माठात एवढं होतंय तर रांजण लाव की. तीन हजार जाईल."

मुलं हसायला लागली. मी म्हटलं, "नागू, आधी माठाला हात लाव, मग बोल."

"माठाला काय हात लावू? तुझ्या कपाळाला लावतो, ताप हाय का बघतो." आणि त्याने खरंच माझ्या कपाळाला हात लावला.

ते हसणं अजून माझ्या कानात आहे. मशीन समोर होती. मोटर सुरू करून अर्ध्या तासात मी त्याला गप्प करू शकलो असतो. पण माझं डोकं फिरलं. "ज्याला बघायचं नाही त्याला मी दाखवत नसतो," म्हणालो, नळ्या उपटल्या, डबा पोत्यात घातला, माठ रिकामा करून काखेत मारला आणि नांदेडची एसटी धरली. माठ मांडीवर घेऊन. परत गेलो नाही. दुकान त्याच्याकडे राहिलं. मी नांदेडला माझं वेगळं टाकलं.

मशीनपेक्षा ती गोष्ट आधी नांदेडला पोचली. आमच्या मार्केटात माझं नावच 'चोवीसशे ऐंशी' पडलं. होलसेलवाले हाक मारायचे, "या चोवीसशे ऐंशी, चहा घ्या." मी भाव सांगितला की विचारायचे, "हा सोळाशेचा भाव हाय का चोवीसशे ऐंशीचा?" भाव करताना समोरच्याने एकदा हसून घेतलं की आपली निम्मी ताकद जाते. मी वीस वर्षं त्या तोट्यात धंदा केला. दुकान वाढवलं, घर बांधलं, पोरांना शिकवलं, पण खरं बोलून खोटा ठरल्याची आग काही विझली नाही. नागूशी बोललो नाही. त्याच्याकडचा माणूस माल घ्यायला आला तर भाव वाढवून सांगायचो.

मधल्या काळात तो सगळा खेळच संपला. आताचे प्रोसेसर काम आलं की स्वतःच चढतात, तापले की स्वतःच उतरतात. होळीला दुकानात कोणी येत नाही. माणसं मोबाइलवर माल मागवतात आणि बिघडला की तेवढा माझ्याकडे घेऊन येतात.

यंदा मे महिन्यात फोन आला. अनोळखी नंबर, पण नमस्कार आमच्याकडचा.

"शरणार्थ, बस्या."

"कोण?"

"आवाज वळखत न्हाईस का? बावीसशे चाळीस बोलतोय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तोच म्हणाला, "तुझा तो डबा अजून हाय का?"

"आहे."

"चालतो?"

"तुझ्यापेक्षा बरा चालतो."

तो हसला. म्हणाला, "मग घेऊन ये. त्या आकड्याचं एकदा मिटवून टाकू. मे महिनाच चालू हाय. मॉनिटर माझ्याकडं हाय, तेवढा आणू नको."

माळ्यावरून पोतं काढलं. तांब्याची डबी हिरवी पडली होती, ती चिंचेने घासली. मशीन लावून पाहिली, सोळाशेवर चालली. चढवून पाहिली नाही. चढवायची ती त्याच्या डोळ्यांसमोर, असं ठरवलं होतं. माठही तोच घेतला, नांदेडला पहिले काही उन्हाळे पाणी पिऊन मग माळ्यावर जपून ठेवलेला. कार दारात उभी असून एसटीने गेलो, माठ मांडीवर घेऊन. ज्या वाटेने अपमान घेऊन आलो त्याच वाटेने परत न्यायचा होता. वाटेत काय काय बोलायचं ते जुळवत होतो. पहिलं वाक्य तयार होतं: "आता लाव कपाळाला हात."

नागू घरात पुढच्या खोलीत खुर्चीवर बसला होता. कपाळावर भस्माचे पट्टे, पांढरा सदरा, अंगाने निम्मा झालेला. शेजारी शोभावैनी, म्हणजे त्याची बायको, जुना दिवाळी अंक हातात धरून मोठ्याने काहीतरी वाचत होत्या. मी दारात उभा राहिलो. नागूने हात पुढे केला, पण मी होतो तिथे नाही, जरा डावीकडे.

वैनी हळूच म्हणाल्या, "भावजी, साखरेनं डोळे गेले त्यांचे. दोन वर्षं झाली. फोनवर सांगितलं न्हाई का?"

"सांगितलं असतं तर हा दया घेऊन आला असता," नागू म्हणाला. "मला भांडायला आलेला बस्या पाहिजे होता."

इथे मला स्वतःबद्दल एक लिहायचं आहे आणि ते लिहिताना हात थांबतो. माझ्या मनात पहिला विचार त्याच्या डोळ्यांचा आला नाही. पहिला विचार आला, की आता मी दाखवू कोणाला?

त्याला घाई झाली होती. "आधी माठ दे," म्हणाला. "त्या दिवशी हात लावला न्हाई. आज लावतो." मी माठ भरून त्याच्याजवळ स्टुलावर ठेवला. तासाभराने त्याने दोन्ही तळवे माठावरून फिरवले, वरून खालपर्यंत, बाळाच्या डोक्यावरून फिरवावेत तसे.

"बस्या, हा तर कोरडा हाय. घाम न्हाई याला."

मी हात लावून पाहिला. खरंच कोरडा. आमचं पाणी जड, त्यातला क्षार मातीच्या छिद्रांत बसतो आणि दोन-तीन उन्हाळ्यांत माठ मुका होतो. म्हणून तर दरसाल घरोघर नवा माठ येतो. हे शेंबड्या पोराला माहीत असतं, आणि मी वीस वर्षांपूर्वीचा माठ मांडीवर घेऊन एसटीने आलो होतो.

"लई जपलास की रे," नागू म्हणाला.

मी कोपऱ्यावर जाऊन नवा माठ आणला. सवयीने भाव केला. विकणारी बाई म्हणाली, "काका, एवढ्या उन्हात भांडायला तुम्हाला तरी कसं सुचतं?" मी ऐकलं नाही, भाव पाडूनच घेतला. घरी आलो तर जुन्या माठातलं पाणी वैनींनी भांडी घासायला वापरून टाकलं होतं, आणि नळाला बरेच दिवस पाणी नव्हतं. मी नको नको म्हणत असताना वैनींनी पिण्याच्या जारातलं पाणी माठात ओतलं. माठ भिजायला एक रात्र लागते, म्हणून मी मुक्कामाला राहिलो. जेवताना नागूने माहूरच्या देवरावांची चौकशी केली. जुनी गिऱ्हाइकं एकेक निघाली. दोघंही हसलो. दुकानाचा, त्या दिवसाचा विषय कोणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी माठ घामाने चमकत होता. मी मोटर सोडली.

"कूलरचीच मोटर ना?" नागू म्हणाला. "वळखली." त्याने खुर्ची ओढून घेतली आणि एक तळवा माठावर ठेवला. "आहाहा. बर्फ हाय, बस्या. त्या दिवशी हात लावला असता तर गप बसलो असतो. जानेवारीत कुडकुडून केलेला आकडा तू पुसलास ना, त्याचा राग होता. डोळे होते तेव्हा बघितलं न्हाई."

मी माउस हातात घेतला. पडद्यावर एक छोटी चौकट होती, तीत चालू वेग दिसायचा. खाली एक पट्टी, ती माउसने सरकवली की ताल वाढायचा. मी सरकवत गेलो.

"किती?"

"एकवीसशे साठ."

"किती?"

"बावीसशे चाळीस."

"मला गाठलंस. चल पुढं."

"तेवीसशे वीस."

तो पुढे झुकला होता. चेहऱ्यावर तेच, डब्यात डोकं घालून बसायचा तेव्हाचं. मी पट्टी पुढे सरकवली. ती सरकली नाही. माउस हलवला, बाण जागचा हलेना. चौकटीत २३२० तसाच. गोठला होता. जुना प्रोसेसर, जुना बोर्ड, वीस वर्षं पोत्यात पडलेला. त्याचा दोष नव्हता.

पंखा फिरत होता. मोटर गुणगुणत होती. माठात पाणी पडत होतं.

"किती?" नागूने विचारलं.

मी भाव करणारा माणूस. समोरच्याने विचारलं की डोक्याआधी जीभ आकडा सांगते. पण इथे जिभेवर ढकलण्यात अर्थ नाही. मला पूर्ण शुद्ध होती. पडद्यावर २३२० दिसत होतं आणि मी म्हणालो, "चोवीसशे ऐंशी."

नागूने टाळी वाजवली. मग हात जोडले, आणि यावेळी ते बरोबर माझ्या दिशेने होते. "चुकलं माझं, बस्या. चारचौघांत तुला खोटा पाडला. चुकलं."

त्याचवेळी वैनी चहा घेऊन आल्या. त्यांनी कप ठेवला आणि सहज पडद्याकडे पाहिलं. आकडे त्यांना वाचता येतात. मघापासून स्वयंपाकघरातून त्या सगळं ऐकतही होत्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चहा घ्या, गार होईल," एवढंच म्हणाल्या.

तासभर टिकवायचा नियम नागूने काढला नाही. त्याने मोबाइल मागितला आणि वैनींकडून एकेक नंबर लावून घेतला. लातूरचे दोघं-तिघं, मग नांदेडचे होलसेलवाले. "अरे, खरं होतं रे बस्याचं! आत्ता माझ्यासमोर केलं. मे महिन्यात, चोवीसशे ऐंशी! माझा हात होता माठावर." प्रत्येकाला तेच, आणि प्रत्येक वेळी आवाज चढलेला. मी मशीनचं बटण दाबून धरलं आणि ती बंद केली. निघताना वैनी दारापर्यंत आल्या. "सांभाळून जा, भावजी," म्हणाल्या आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही.

नांदेडला आलो तर मार्केटात वारं फिरलं होतं. ज्यांनी वीस वर्षं टोमणे मारले तेच उठून उभे राहत होते. एकाने शाल आणली. आता मी भाव सांगितला की कोणी हसत नाही. हवं होतं ते सगळं मिळालं, आणि मला मार्केटातून जाववत नाही. मागच्या बाजूने जातो.

मी खरं सांगितलं तेव्हा ते खोटं ठरलं, आणि खोटं सांगितलं तर शाल आली. पण याहून वाईट गोष्ट वेगळी आहे. त्या जुन्या मे महिन्यातल्या दुपारी मी एकटाच होतो. डबा खाल्ला, सिनेमा पाहिला, भिंत पुसली, हे सगळं मला लख्ख आठवतं. पण आता डोळे मिटले की चौकटीत कधी २४८० दिसतं, कधी २३२०. वीस वर्षं मी एका गोष्टीवर उभा होतो आणि तीच मी एका शब्दात नासवली. त्या आंधळ्या माणसावर दया आली म्हणून बोललो, असं म्हणायची सोय आहे. बायकोला मी तसंच सांगितलं. ते खरं नाही. मला जिंकायचं होतं, आणि समोरच्याला दिसत नव्हतं.

फोनवर सांगायचं चार वेळा ठरवलं. फोन लागला की तो आधीच इतका खुशीत बोलतो, की मी देवरावांचं काहीतरी सांगून ठेवून देतो. म्हणून या दिवाळी अंकासाठी धंद्याच्या आठवणी मागितल्या तेव्हा मी लगेच हो म्हणालो. लिहिणं माझं काम नाही. पण नागूच्या घरी हा अंक दरवर्षी येतो आणि शोभावैनी तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत त्याला वाचून दाखवतात, हे मला ठाऊक आहे.

वैनी, तुम्ही त्या दुपारी पाहिलं होतं आणि माझी लाज राखलीत. आता राखू नका. इथे थांबू नका, आवाजही खाली आणू नका.

नागू, त्या दिवशी पडद्यावर तेवीसशे वीस होते. त्यानंतर मशीन गोठली आणि मी तुला खोटं सांगितलं. ज्यांना ज्यांना तू फोन केलेस त्यांना हा अंक मी स्वतः नेऊन देणार आहे, मार्केटातल्या पुढच्या रस्त्याने. पहिल्या वेळी चोवीसशे ऐंशी झाले होते की नाही, ते तू ठरव. मी त्यावर पुन्हा भांडणार नाही. तेवीसशे वीस तुझ्या बावीसशे चाळीसपेक्षा जास्तच आहेत, एवढं मात्र मी सोडणार नाही.

यापुढे मला हाक मारायची असेल तर तेवीसशे वीस म्हण. मी ओ देईन.